घराला रंग देताना... जरा जपून!

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलची बॅग खांद्यावरून खाली ठेवायच्या आत बहुतेकांच्या कानावर एक वाक्य पडतं, "आलास? बरं झालं. यंदा घराला बाहेरून रंग द्यायचाय. दोघं मिळून उरकून टाकू." इंजिनिअरिंगच्या पोराला घरातलं सगळं येतं, असा घरच्यांचा एक गोड गैरसमज असतो. मिक्सर, पाण्याची मोटर, शेजारच्या काकूंचा मोबाइल, आणि आता शिडी!

गेल्या दिवाळीत ही वेळ माझ्यावर आली. आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. दगडी जोतं, वर विटांच्या भिंती आणि सिमेंटचा गिलावा, पुढं लाकडी खांबांची पडवी, माळ्याच्या तोंडाला आडव्या लाकडी फळ्या ठोकलेल्या, आणि मागं सिमेंटच्या पत्र्याची न्हाणी. म्हणजे रंगाच्या दृष्टीनं बघितलं तर एकाच घरात चार तऱ्हा. आजोबांच्या काळापासून दर सात-आठ वर्षांनी जुन्या रंगावर नवा रंग चढत गेलेला. मी आणि बाबांनी मिळून ते काम केलं. त्यात दोन चुका झाल्या. एक थोडक्यात निभावली, दुसरीनं घरात चार दिवस कुणाला धड झोप लागली नाही. त्यानंतर मी बरंच वाचलं, गावातल्या रंगारीकाकांना खोदून खोदून विचारलं, ते सगळं इथं सांगतोय. शेड कुठली घ्यावी, कंपनी कुठली चांगली, हे दुकानदार सांगेलच. मला सांगायचंय ते एवढंच की काम संपल्यावर आपले हातपाय आणि घरातली लहान मुलं धड कशी राहतील.

सुरुवात मुहूर्तापासून. रंग दिवाळीच्या आधी झालाच पाहिजे असा आपल्याकडं जवळजवळ नियम आहे, आणि भिंतीच्या दृष्टीनं तो चुकीचा आहे. चार महिने पाऊस खाल्लेली भिंत ऑक्टोबरात वरून कोरडी दिसते, आत ओलीच असते. तिच्यावर रंगाचा पापुद्रा चढवला की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं, वाट मिळत नाही, मग फुगे येतात आणि पुढच्या वर्षी पोपडे. तपासायची युक्ती फुकट आहे. फूट-दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला डकवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसलं किंवा भिंत काळपट झाली, तर भिंत अजून तयार नाही. आमच्या उत्तरेकडच्या भिंतीवर सकाळी चक्क थेंब होते. पण पाहुणे येणार होते ना! आम्ही रंगवलीच. ती भिंत सध्या कशी दिसते ते विचारू नका.

आता तुम्ही म्हणाल, यात सुरक्षेचा काय संबंध? संबंध आहे. पाहुणे येण्याच्या आत उरकायचं म्हटलं की माणूस शिडी नीट न लावता चढतो, मास्क शोधायला दुकानात जात नाही, संधिप्रकाशात "एवढं एक टोक राहिलंय" म्हणत हात लांब करतो. आमच्या दोन्ही चुका शेवटच्या दोन दिवसांतल्या आहेत. रंगाचं काम डिसेंबर ते मे या काळात कधीही करता येतं. भिंतही वाळलेली असते आणि डोकंही थंड असतं.

काम सुरू करायच्या आधी घराभोवती एक चक्कर मारा, अगदी सावकाश, वर बघत. काळे-हिरवे डाग म्हणजे बुरशी आणि शेवाळ. पांढरी मिठासारखी भुकटी म्हणजे लोणा. भिंतीवरून तळहात फिरवल्यावर हाताला पांढरं लागलं तर जुना सिमेंट पेंट भुकटी होतोय. तो घासून काढल्याशिवाय वरचा रंग भिंतीला चिकटणार नाही, त्या भुकटीलाच चिकटेल. नवीन गिलावा केला असेल तर तो किमान २८ दिवस पाणी मारून, वाळू देऊन मगच रंगवायचा. सिमेंट अल्कलीधर्मी असतं. ओल्या नव्या गिलाव्यावर ऑइलपेंट लावला तर त्यातलं तेल आणि अल्कली मिळून साबण तयार होतो. अक्षरशः साबण! बारावीला सॅपोनिफिकेशन पाठ केलं होतं ते हेच.

शेवाळासाठी बरेच जण ब्लीचिंग पावडरचं पाणी मारतात. ते चालतं, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ब्लीचिंग पावडर आणि फरशी किंवा संडास साफ करायचं ॲसिड एकत्र कधीही करायचं नाही. एकाच बादलीत तर नाहीच, पण एकापाठोपाठ एक त्याच भिंतीवरही नाही. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली खंदकांमध्ये सोडला होता तोच. न्हाणीच्या कोंदट कोपऱ्यात तेवढा वायू फुप्फुसाला पुरेसा असतो.

न्हाणीचा विषय निघाला म्हणून आणखी एक. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू नका. दिसायला दगडासारखा असतो, पण जुना झाला की बिस्किटासारखा मोडतो आणि माणूस थेट खाली जातो. आडव्या फळ्या टाकल्याशिवाय, वजन खालच्या वाशांवर पडेल अशी सोय केल्याशिवाय वर जायचंच नाही. शिवाय या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याला तारेच्या ब्रशनं किंवा पॉलिश पेपरनं कोरडं घासलं की बारीक तंतू हवेत जातात, ते फुप्फुसात अडकून राहतात आणि त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी उगवतो. आम्ही पत्र्याला रंग देण्याचा बेतच रद्द केला. सगळ्याच ठिकाणी रंग लागला पाहिजे असं कुठं लिहिलंय?

आता मुख्य मुद्द्याकडं येतो, जुना रंग. पडवीचे खांब, खिडक्या आणि माळ्याच्या फळ्या यांना आजोबांनी हिरवा ऑइलपेंट दिला होता. त्यावर बाबांनी चॉकलेटी, त्यावर परत हिरवा. मी दुपारभर पडवीत बसून स्क्रेपर आणि पॉलिश पेपरनं तो खरवडत होतो. तोंडाला रुमाल. खाली हिरवी भुकटी आणि खपल्यांचा थर. ताई दिवाळीला आलेली, तिची मुलगी सव्वा वर्षाची, नुकतीच भिंत धरून चालायला लागलेली. चहाला आत गेलो आणि पाच मिनिटांनी बाहेर येतो तर भाची त्या थरात फतकल मारून बसलेली. एका मुठीत खपली आणि हिरवे ओठ.

तोंड धुतलं, कपडे बदलले, सगळे हसलेसुद्धा. माझ्याही डोक्यात काही आलं नाही. रात्री रंगारीकाका सहज डोकावले, त्यांना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "कितीचा रंग होता तो? म्हणजे कधीचा?" मी म्हटलं, "आजोबांच्या वेळचा. पंचेचाळीस-पन्नास वर्षं झाली असतील." काका म्हणाले, "मग उद्या डॉक्टरकडं ने तिला. त्यात शिसं असतंय बाळा."

शिसं! आपल्याला ते सोल्डरिंगच्या प्रॅक्टिकलला आणि बॅटरीत भेटतं. रंगात ते शतकानुशतकं वापरलं गेलं. रंगारी ज्याला सफेदा म्हणत आले ते मुळात शिशाचं कार्बोनेट. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. शेंदूर खायला घालून गवयाचा आवाज घालवल्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकलेल्या असतात. त्यातल्या गोष्टी खऱ्या की खोट्या ते जाऊ द्या, शेंदूर विषारी आहे हे लोकांना पक्कं ठाऊक होतं. पिवळ्या आणि हिरव्या ऑइलपेंटमध्ये शिशाचं क्रोमेट असायचं. शिवाय तेल लवकर वाळावं म्हणून शिशाची संयुगं घालत. रंग टिकायचा, चकाकायचा, पावसाला दाद द्यायचा नाही. म्हणूनच घराच्या बाहेरच्या लाकडाला तो जास्त वापरला जायचा.

याचा छडा कुणी लावला ते वाचण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये लाकडी घरं आणि त्यांना मोठमोठ्या पडव्या. १८९० च्या दशकापासून तिथल्या डॉक्टरांकडं शिशाची विषबाधा झालेली लहान मुलं येऊ लागली. कारण सापडेना. पाणी तपासलं, भांडी तपासली. शेवटी १९०४ मध्ये लॉकहार्ट गिब्सन या डोळ्यांच्या डॉक्टरनं बोट ठेवलं ते पडवीच्या कठड्यांवर. उन्हानं कठड्यावरच्या रंगाची भुकटी होते, मुलं कठडा धरून खेळतात, हात तोंडात जातो. एवढं साधं! पण पुढं काय झालं बघा. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सफेद्यावर बंदी घालणारा करार केला, तो इमारतीच्या आतल्या रंगकामापुरता. बाहेरची बाजू मोकळीच राहिली. अमेरिकेत तर घरंच्या घरं बाहेरून लाकडी फळ्यांनी मढवलेली असतात. तिथं घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली. त्यामुळं १९७८ पूर्वीच्या घराचा रंग पैसे घेऊन खरवडायचा असेल तर तिथं २०१० पासून प्रशिक्षित माणूसच लागतो. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये हा नियम १ नोव्हेंबर २०१६ ला निघाला आणि वर्षभरानं, नोव्हेंबर २०१७ पासून, लागू झाला.

म्हणजे आपल्यासाठी सोपा नियम असा की २०१७ च्या आधीचा कुठलाही ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चालायचं. चुना, डिस्टेंपर, सिमेंट पेंट यांत ही भीती बरीच कमी, खरा संशयित ऑइलपेंट. तुमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनचं उपकरण असेल तर एखादी खपली पाकिटात घालून आणा, सरांना पटवा. मिनी प्रोजेक्टसुद्धा होईल. आणि हो, वर्कशॉपमधला औद्योगिक रंग "फुकट मिळाला" म्हणून घरच्या गेटला लावू नका. २०१६ चा नियम घरगुती रंगांपुरता आहे.

थोडं गणित करून बघू. खपलीत एक टक्का शिसं धरलं तर एक ग्रॅम खपलीत ते १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त साधारण ८०० मिलिलिटर, म्हणजे ८ डेसिलिटर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलंय की रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसं दिसलं तर ते कुठून येतंय हे शोधून बंद करा. म्हणजे अख्ख्या रक्तात मिळून ४० मायक्रोग्रॅम! हा भागाकार इतका सरळ नसतो. खाल्लेलं सगळं शिसं शोषलं जात नाही आणि शोषलेलं बरंचसं हाडात जाऊन बसतं. पण कुठं १०,००० आणि कुठं ४०! शिवाय मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचं पोट शिसं कितीतरी जास्त शोषून घेतं. ते मेंदूवर परिणाम करतं आणि तो परिणाम भरून येत नाही. ताप नाही, उलटी नाही, वरून काही कळत नाही. म्हणूनच कुणी लक्ष देत नाही.

भाचीची रक्ततपासणी केली. नमुना बाहेर पाठवावा लागला, रिपोर्टला चार दिवस. ताई काही बोलली नाही, पण त्या चार दिवसांत तिनं मुलीला खाली ठेवलं नाही. आकडा पाचच्या खाली आला. सुटलो.

मग असला रंग काढायचा तरी कसा? पहिला प्रश्न असा विचारा की काढायलाच हवा का? जुना थर घट्ट बसलेला असेल, उकलत नसेल, तर तो खरवडण्यापेक्षा हलक्या हातानं पुसून, प्रायमर लावून त्यावर नवा रंग देणं जास्त शहाणपणाचं. सुटलेला भाग तेवढाच काढायचा, आणि तो ओला करून. स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारायचं, खरवडायचं, परत पाणी मारायचं. पॉलिश पेपरऐवजी वॉटर पेपर. धूळ उडताच कामा नये, कारण खपलीपेक्षा धूळ वाईट. ती दिसत नाही आणि आठवडाभर घरात फिरत राहते. इलेक्ट्रिक सँडर किंवा ग्राइंडरची चाक तर अजिबात नको. आणि ब्लोलँप? जुन्या दारांचा ऑइलपेंट ब्लोलँपनं जाळून काढायची आपल्याकडं पद्धत आहे, रंग भराभर सुटतो. पण त्या ज्योतीत शिशाची वाफ होते आणि ती थेट छातीत जाते. अमेरिकेच्या नियमात उघडी ज्योत बंद आहे, आणि हीटगनसुद्धा १,१०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ५९० अंश सेल्सिअसच्या वर चालत नाही.

भिंतीच्या पायथ्यापासून दहा फुटांपर्यंत जाड प्लॅस्टिक अंथरा, कडा विटांनी दाबा. जवळच्या खिडक्या-दारं बंद ठेवा. वाळत घातलेले कपडे आणि पाण्याचा हंडा तिथून हलवा. वारा असेल त्या दिवशी हे काम नको. रुमालानं काही अडत नाही, एन-९५ मास्क घ्या, तोही दाढीवर नीट बसत नाही हे लक्षात असू द्या. काम झालं की कपडे वेगळे धुवायचे, हात-तोंड धुतल्याशिवाय चहा-बिडी नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर तेवढे दिवस त्यांनी दुसरीकडं राहिलेलं उत्तम.

खपल्यांचं काय करायचं हे आम्हाला सुचलं नव्हतं. आईनं नेहमीच्या सवयीनं सगळं झाडून परसातल्या अळूच्या वाफ्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी मी तिथली वीतभर माती खणून काढली. या खपल्या जाड पिशवीत घट्ट बांधून ठेवायच्या आणि कचऱ्यात तशाच बांधून द्यायच्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काढून टाकलेल्या जुन्या रंगीत फळ्या बंबात किंवा चुलीत घालू नका. गावाकडं हे सर्रास होतं. रंगीत लाकूड जळलं की शिसं धुरात आणि राखेत जातं, आणि ती राख पुन्हा भांडी घासायला नाहीतर झाडाला!

आता दुसरी चूक, उंचीची.

पहिल्या वर्षी मेकॅनिक्सच्या पेपरला शिडीचं गणित हमखास येतं. गुळगुळीत भिंत, खडबडीत जमीन, माणूस अमुक अंतर वर चढला तर शिडी घसरेल का? मी ते सहा मार्कांसाठी केलं होतं. बाबांच्या शिडीखाली उभं राहिल्यावर त्याचा अर्थ कळला. शिडीचं वजन सोडून दिलं तर खालच्या टोकाला लागणारं घर्षण हे माणूस किती वर चढलाय त्या प्रमाणात वाढत जातं. निम्म्यावर असताना जितकं लागतं त्याच्या दुप्पट टोकावर असताना लागतं. म्हणजे पहिल्या चार पायऱ्यांवर हलवून बघून "पक्की आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही. शिडी घसरते ती माणूस वर पोचल्यावरच. कोनही तितकाच महत्त्वाचा. पाया भिंतीपासून उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका लांब ठेवला, म्हणजे १२ फुटांवर टेकवायची तर ३ फूट, तर कोन साधारण ७५ अंश होतो आणि टोकावरच्या माणसाला घर्षणांक पाव पुरतो. हीच शिडी ६० अंशांवर आडवी पसरली की घर्षणांक जवळजवळ ०.५८ लागतो. आमचं अंगण शहाबादी फरशीचं, नुकतंच भिंत धुतल्यानं ओलं, कडेला शेवाळ. बाबा माळ्याच्या फळ्यांपर्यंत पोचले आणि शिडीचा पाया सरकला. एकच फूट, कारण मागं तुळशीवृंदावन होतं, त्याला अडकला. बाबा खिडकीच्या गजाला धरून लोंबकळले. रंगाचा डबा माझ्या डोक्यावर आला, तेवढ्यावर भागलं.

३ मीटरवरून माणूस पडला तर जमिनीला लागेपर्यंत ०.७८ सेकंद लागतो आणि वेग होतो सेकंदाला ७.७ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २८ किलोमीटर. पाऊण सेकंदात आपण काहीही करू शकत नाही. जे करायचं ते चढायच्या आधी. पायथा कोरडा आणि सपाट, खाली एक माणूस धरून उभा, आणि वरचं टोक मजबूत जागेला दोरीनं बांधलेलं. नाही बांधता आलं तर त्या जागेसाठी शिडी वापरायची नाही. शिडीवर असताना दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम. डबा हातात नाही, आकड्यानं शिडीला अडकवलेला. बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या मधेच राहिली पाहिजे. ती बाहेर गेली की समजा तुम्ही जास्त वाकलाय, खाली उतरून शिडी सरकवा. कंटाळवाणं आहे, मान्य. आमच्या भिंतीसाठी मी पुढच्या दिवशी एकवीस वेळा खाली उतरलो.

टेबलावर स्टूल, ड्रमवर फळी, हे प्रकार मी लिहीतसुद्धा नाही. तुम्हालाही माहीत आहे, आणि तुम्ही ते हॉस्टेलच्या खोलीत पंखा पुसायला करताच!

एक मजल्याच्या वरचं काम असेल तर शिडी विसरा, परांची बांधायला लावा. रंगारीकाका परांचीवरूनच पडले होते. दहा-अकरा फुटांवरून. बांबू मोडला नव्हता. आदल्या पावसाळ्यातला काथ्या आतून कुजला होता आणि गाठ सुटली. तेव्हापासून ते डाव्या पायानं लंगडतात आणि उंचीवरचं काम घेत नाहीत. त्यांना विचारलं, "काका, भरपाई वगैरे?" म्हणाले, "घरमालकानं दवाखान्याचं थोडं दिलं. बाकी काय, आपलंच नशीब." १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला खरा, पण स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम त्याच्या व्याख्येतून वगळलेलं होतं. काका पडले ते असल्याच एका घरी. म्हणून परांचीसाठी दोरी नवी आणा, हा खर्च आपण मालक म्हणून करायचा, रंगाऱ्यावर सोडायचा नाही. बांबूच्या गाठी रोज सकाळी हातानं ओढून बघा. परांची भिंतीच्या पक्क्या भागाला बांधलेली हवी, पावसाच्या पाइपाला नव्हे. उभं राहायला एक नाही, दोन-तीन फळ्या शेजारी शेजारी, दोन्ही टोकांना बांधलेल्या. फळीचं टोक आधाराच्या पुढं वीतभर ते फूटभरच. जास्त बाहेर राहिलं की कुणीतरी त्यावर पाय देतं आणि सी-सॉ होतो. कमरेच्या उंचीला आडवा बांबू.

"सेफ्टी बेल्ट लावतो की" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन ओळी. कमरेचा पट्टा नको, सगळं वजन पोटावर येतं. खांदे-मांड्यांना धरणारा पूर्ण हार्नेस हवा, आय.एस. ३५२१ या मानकाचा. पण त्याचंही गणित आहे. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारा भाग उलगडतो तो साधारण एक मीटर, माणसाची स्वतःची उंची, आणि खाली थोडी मोकळी जागा. दोरी जिथं अडकवली तिथून खाली साडेपाच मीटर तरी रिकामे हवेत. पहिल्या मजल्याच्या खिडकीला लांब दोरी अडकवली तर ती ताणली जायच्या आत जमीन येते. हार्नेस घातलेला असतो, उपयोग शून्य.

आणि वीज. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर बहुतेक घरांत नेमकी रंगवायच्या भिंतीवरच असते. तिचं आवरण उन्हानं तडकलेलं असतं. ॲल्युमिनियमची शिडी आणि रोलरचा धातूचा लांब दांडा या कामाला आणूच नका. ओला बांबूसुद्धा वीज वाहतो. ११ हजार व्होल्टपर्यंतच्या तारा इमारतीपासून आडव्या किमान १.२ मीटर असाव्यात असा नियम आहे, पण तो इमारतीसाठी, तीन मीटरचा दांडा फिरवणाऱ्या माणसासाठी नव्हे. तार जवळ असेल तर वीज कंपनीच्या वायरमनला गाठून तेवढा वेळ पुरवठा बंद करून घ्या. आमच्याकडं दुपारी तीन तास बंद ठेवला, आजीची मालिका चुकली, एवढाच तोटा.

प्रत्यक्ष रंग लावणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. भेगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उघडून भरायच्या, लाकडाला लांबी भरायची, बाहेरच्या कामाचा प्रायमर एक हात, मग बाहेरचा ॲक्रिलिक इमल्शन दोन हात, मधे डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ. वरून खाली यायचं. उन्हात तापलेल्या भिंतीवर नाही, सावलीच्या बाजूनं फिरत जायचं. सिमेंट पेंट असेल तर मात्र भिंत आधी पाण्यानं भिजवायची आणि नंतरही पाणी मारायचं, कारण तो वाळत नाही, सिमेंटसारखा पकडतो. जवसाच्या तेलानं किंवा ऑइलपेंटनं माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेताना गरम होतं, आणि बोळ्याच्या आत ती उष्णता साठून फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा, मग टाका.

उरलेला रंग घट्ट झाकून ठेवला आणि झाकणावर खडूनं वर्ष लिहिलं. माळ्याच्या फळ्यांचा वरचा अर्धा भाग अजून तसाच हिरवा आहे. त्याला परांची लागेल, आणि ती जानेवारीत बांधायची असं बाबांनी स्वतःच ठरवलंय. दोरी मी येताना घेऊन जाणार आहे.